दोन पांढऱ्या रेघांचा कोळी: मुरमाडावरच्या स्टेनेलुरिलसच्या नोंदी

आधीच सांगतो, मी अभ्यासक वगैरे नाही. बेळगावजवळच्या खानापुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि जांबोटी रोडला थोडी शेती, त्यात काजू आणि वरच्या अंगाला अर्धा एकर नुसता मुरमाड माळ, जिथं करवंदीशिवाय काही येत नाही. कोळ्यांचा नाद लागला तो तुकाराम ओंबळ्यांच्या नावाच्या कोळ्याची बातमी वाचून, २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला आयसियस तुकारामी नाव दिलं होतं. म्हटलं तिथं शहरात असलं काय काय निघतंय तर आपल्या माळावर काहीच नसेल असं कसं होईल. ह्या नोंदी दुकानातल्या जॉब रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहिलेल्या आहेत, टाइप करताना थोड्या सावरल्या, चुका तशाच ठेवल्यात. कुणाला आपल्या शेतात हेच करायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी परत करू नका, नवीन करा.

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी, दुकान बंद. काजूची बोंडं पिळून बी वेगळी करत माळाच्या कडेला बसलो होतो, तेवढ्यात मुरमावर एक खडा सरकल्यासारखा वाटला. बघितलं तर कोळी. काळा, आणि डोक्यापासून मागं दोन पांढऱ्या रेघा, अगदी पट्टीनं ओढल्यासारख्या. साईझ म्हणाल तर १६ गेजच्या तारेचे चार वेढे शेजारी शेजारी ठेवले तर जेवढं होईल तेवढा, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आतबाहेर. चालणं एकसारखं नाही, दोन पावलं टाकणार, थांबणार, तोंड वळवून बघणार, परत दोन पावलं.

मोबाईलनं बारा फोटो काढले, बाराही मुरमाचे उत्तम फोटो आले, कोळी म्हणजे मधला काळा डाग. बांधावरून शेजारचे मामा ओरडले, "काय हुडकूलालास रे पालथा पडून? पैसं पडलेत काय?" कोळी म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला.

८ एप्रिल

त्यातल्या त्यात बरा फोटो ऑनलाइन टाकला आणि खाली ठोकून दिलं, प्लेक्झिपसचं पिल्लू. कारण घराच्या भिंतीवर असतो तो प्लेक्झिपस पायकुली, त्याचा नर काळा-पांढरा पट्ट्यांचाच असतो. ही पहिली चूक. रात्री एकानं विचारलं, भिंतीवर होता की जमिनीवर? जमिनीवर, उघड्या मुरमात, म्हटल्यावर त्यानं सांगितलं की नीट मोजून बघ, प्लेक्झिपसच्या नराला मधोमध एक पांढरा पट्टा आणि दोन्ही कडांना एकेक असतो, तुझ्या फोटोत मध्ये काळं आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन रेघा आहेत. मी घरच्या भिंतीवरचा एक डब्यात धरून बघितला. बरोबर होतं त्याचं. दोन दिवस मी डोळ्यासमोरच्या रेघा मोजल्या नव्हत्या, आणि धंद्यात दिवसभर तारेचे वेढे मोजतो.

मग दोन नावं उरली, फ्लेग्रा आणि स्टेनेलुरिलस. दोघंही जमिनीवरचे, दोघांनाही रेघा असतात, एकाच नात्यातले. फ्लेग्रा अंगानं लांबट असतो, स्टेनेलुरिलस आटोपशीर, जरा गोटीसारखा. स्टेनेलुरिलस हे नाव सिमॉ ह्या फ्रेंच माणसानं १८८६ मध्ये दिलेलं, ह्यातले कोळी आफ्रिकेत आणि आशियात सापडतात. आमच्या धाकटीला नाव म्हणता येईना, तिनं दोनरेघी ठेवलं, मला पण तेच सोयीचं आहे.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी अकरापासून दीडपर्यंत माळावर. एक दिसला, त्याच्या मागं धावलो, गेला. ऊन असं की मुरमावर हाताचा तळवा टेकवत नव्हता. दीड तास एकही कोळी नाही आणि मी समजलो की संपले सगळे.

आता मागं वळून बघताना कळतं की वेळच चुकीची होती. नंतर आठ-दहा दिवस नोंद ठेवली तर सकाळी आठ ते साडेदहा ही खरी वेळ, नंतर ते दगडाखाली सावलीत जातात, संध्याकाळी चारनंतर थोडे निघतात. दुसरं म्हणजे सावली. ह्यांना आठ डोळे, चार पुढं तोंडावर आणि चार वर-मागं, म्हणजे मागून गेलं तरी दिसतंच. माझी सावली अंगावर पडली की गायब. सूर्य तोंडावर घेऊन बसायचं, सावली आपल्या पाठीमागं पडू द्यायची. डोळ्यांवर ऊन येतं, टोपी घाला.

१७ एप्रिल

मेव्हण्याकडं जुना कॅनन कॅमेरा पडून होता, १८-५५ च्या किट लेन्ससकट. लग्नाच्या ऑर्डरी तो आता नवीन कॅमेऱ्यावर करतो. मॅक्रो लेन्स घ्यायची ऐपत नाही म्हणून लेन्स उलटी लावायचं ठरवलं, त्यासाठी रिव्हर्स रिंग म्हणून एक साधी धातूची चकती मिळते. मागवली ३०० रुपयाला, आली, बसेना. माझ्या लेन्सचा आटा ५८ चा आणि मी ५२ ची मागवली. लेन्सच्या तोंडावर आकडा लिहिलेला असतो, फाय चं चिन्ह आणि पुढं नंबर, तो बघायचा असतो. परत करण्यात पोस्टेजच जास्त जातंय म्हणून ठेवून दिली, कुणाला ५२ ची पाहिजे असेल तर न्या. दुसरी ३५० ला आली.

२० एप्रिल, रविवार

उलट्या लेन्सचा पहिला दिवस. काय काय झालं ते क्रमानं.

लेन्स उलटी लावली की कॅमेऱ्याचा तिच्याशी करंट तुटतो, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत यायचं भोक, पूर्ण उघडं राहतं, मग फोटोत एक केस शार्प आणि बाकी सगळं दूध. ह्याला उपाय असा की लेन्स आधी सरळ लावायची, ११ वर ॲपर्चर ठेवायचं, पुढचं डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि कॅमेरा चालू असतानाच बटण न सोडता लेन्स काढायची. ॲपर्चर तिथंच अडकून राहतं. हे मला जागेवर माहीत नव्हतं, पहिले साठ फोटो त्यातच गेले, दुपारी घरी येऊन कळलं आणि संध्याकाळी परत गेलो.

दुसरं, मी १८ वर ठेवून बसलो होतो. उलट्या लेन्सवर १८ म्हणजे सगळ्यात जास्त मोठं दिसणार, आणि कोळी लेन्सच्या काचेच्या अगदी जवळ. इतका मोठा की एका फ्रेममध्ये फक्त तोंड, आणि त्यातलाही अर्धाच भाग फोकसमध्ये. ३५ च्या आसपास आलो तेव्हा जरा जमायला लागलं. फोकसची रिंग फिरवायची नाही, कोपर जमिनीवर टेकवून अख्खं अंगच मिलिमीटर-मिलिमीटर पुढं मागं करायचं.

तिसरं, एक पठ्ठ्या थेट लेन्सवर उडी मारून आला. लेन्सचं मागचं तोंड उघडं, तिथं आत जायला जागा, मी घाबरून फुंकर मारली, कोळी गेला आणि मुरमाची धूळ आत गेली.

१४० फोटो, तीन ठेवण्यासारखे. त्या तिघांतही पांढऱ्या रेघा फ्लॅशमध्ये फुटलेल्या, खोबऱ्याच्या कातळीसारख्या नुसत्या पांढऱ्या, आणि डोळ्यात फ्लॅशचे दोन ठिपके. काळं अंग आणि पांढरे खवले एकाच फोटोत धरायचे तर उजेड मऊ पाहिजे.

२४ एप्रिल

चार दिवस डिफ्यूझरच्या, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याच्या, मागं. एप्रिल म्हणजे आमचा सीझन, बोअरच्या मोटरी जळून येतात, दुकानात पाच एचपीच्या तीन सबमर्सिबल उघडून पडलेल्या आणि मी कात्री घेऊन पुठ्ठे कापत बसलेलो. एक शेतकरी दोनदा येऊन बघून गेला, तिसऱ्यांदा काही बोलला नाही, नुसता खुर्चीवर बसून राहिला, मग त्याची मोटर आधी केली.

पहिला डिफ्यूझर चहाच्या थर्माकोल कपाचा. उजेड चांगला आला पण कप जाड, फ्लॅश पूर्ण जोरात मारावा लागे, आणि दोन फोटोंमध्ये पाच-सहा सेकंद थांबायला लागे. कोळी थांबत नाही. दुसरा ट्रेसिंग पेपरचा, सकाळी दवात ओला झाला आणि पापडासारखा लोंबून कोळ्याच्या डोक्यावर टेकला.

तिसरा मात्र दुकानातच सापडला. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या लोखंडी भागाच्या, स्लॉटमध्ये वायर भरायच्या आधी आपण मिलिनेक्स पेपर घालतो, तो दुधट पांढरा, फाटत नाही, पाण्यानं वाकत नाही. त्याचा वीतभर तुकडा घेतला, वरच्या फ्लॅशपासून लेन्सच्या पुढपर्यंत येईल असा बोगद्यासारखा वाकवला, कडेला १८ गेजची तांब्याची तार दुमडून बसवली म्हणजे पाहिजे तसा बाक देता येतो, आणि बांधायला वाइंडिंगचाच दोरा. आतून वरच्या बाजूला बिस्किटाच्या पुड्याची चंदेरी पट्टी. खर्च शून्य, कारण कातरणच होतं. पहिल्यांदा लेन्सच्या तोंडाच्या बरोबरीत कापला तर खाली लेन्सची सावली पडत होती, दोन बोटं पुढं आणला तेव्हा गेली. सगळ्यात मोठा फरक कशानं पडला असेल तर ह्या कातरणानं, कॅमेऱ्यानं नाही.

२७ एप्रिल, रविवार

जमलं.

सकाळी पावणेनऊ. ह्या वेळी मागं धावलोच नाही, जिथं दोन वेळा दिसला होता तिथं पालथा पडलो, कोपराखाली गोणपाट, आणि नुसता वाट बघत राहिलो. वीस मिनिटांनी एक नर समोरच्या चपट्या दगडावर चढला आणि माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. काचेत स्वतःचीच आकृती दिसत असणार त्याला. तोंडाची पुढची बाजू, मधले दोन मोठे डोळे आणि त्यांच्या कडेला दोन लहान, वर डोक्यावर ताठ काळे केस दाढीचा खुंट वाढल्यासारखे. मागचे, म्हणजे चौथे पाय सगळ्यात लांब. तोंडापाशी दोन आखूड अवयव असतात, पाल्प, ते एकामागोमाग एक वरखाली, म्हातारी माणसं दात नसताना तोंड हलवतात ना तसं.

एक गोष्ट स्क्रीनवर मोठं करून बघताना दिसली. लागोपाठच्या दोन फोटोत मधल्या डोळ्याचा रंग वेगळा. एकात काळाभोर, दुसऱ्यात कडेला फिकट तपकिरी. डोळा हलत नाही, बाहेरची काच डोक्यालाच पक्की असते, पण आत लांब नळी असते आणि तिच्या टोकाचा पडदा स्नायूंनी इकडंतिकडं फिरतो. तुमच्याकडं बघत असेल तेव्हा काळा, दुसरीकडं बघत असेल तेव्हा फिकट. म्हणजे फोटो काढायची वेळ ओळखायची खूणच झाली ती, डोळा काळा झाला की दाबायचं.

६४ फोटो, ११ चांगले. बायकोला दाखवले तर म्हणाली, "एवढंसं ते, त्याला एवढे डोळे कशाला?" उत्तर नव्हतं.

४ मे, रविवार

ही नोंद लिहायला नको वाटतं पण लिहितो.

दोन कोळी घरी आणले. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एकेक, झाकणाला भोकं, आणि एक बरणी खिडकीत ठेवली उजेड यावा म्हणून. दुकानातून दुपारी जेवायला आलो तर त्या बरणीतला पाय पोटाखाली दुमडून पडलेला. काचेची बरणी उन्हात म्हणजे भट्टीच. कोळ्याचे पाय आतल्या पाण्याच्या दाबावर सरळ होतात, उडी पण त्याच दाबावर मारतात, दाब गेला की पाय आत दुमडतात. मेलेला कोळी नेहमी मूठ वळल्यासारखा दिसतो तो त्यामुळं. माळावर भर उन्हात राहणारा कोळी माझ्या खिडकीत तीन तास टिकला नाही कारण माळावर त्याला दगडाखाली जाता येतं, बरणीत कुठं जाणार.

दुसऱ्याला लगेच कुंद्याच्या मिठाईच्या पारदर्शक डब्यात हलवलं. तळाला बोटभर मुरूम, तव्यावर भाजून घेतलेला म्हणजे त्यातून दुसरं काही निघायला नको, दोन चपटे दगड, एका कोपऱ्यात रोज ब्रशनं पाण्याचा एक थेंब. डबा खोलीत सावलीत.

खायला पहिल्या दिवशी मुंग्या सोडल्या, मूर्खपणा, कोळी डब्याच्या छताला जाऊन चिकटला आणि मुंग्या त्याच्या मागं. चिमट्यानं एकेक काढायला अर्धा तास. मग पिकलेल्या केळ्यावरची चिलटं, ती घेतली. आणि सगळ्यात आवडीनं वाळवी. वाळलेल्या शेणीखाली वाळवी असते, चार-पाच आणून सोडल्या तर दहा मिनिटांत दोन उचलल्या. चिलटाच्या वेळी दबा धरून उडी, वाळवीला उडीबिडी काही नाही, चालत जाऊन धरली.

११ मे

डब्यातला पाच दिवस काही खात नाही. दगडाच्या खाली पांढऱ्या रेशमाची पिशवी करून आत बसलाय, दोन्ही तोंडं बंद. मला वाटलं हा पण जाणार. दगड उचलून बघितला.

कात टाकत होता. अर्धा जुन्या कातडीतून बाहेर, अर्धा आत. दगड हलल्यामुळं पिशवी एका बाजूनं फाटली. परत होता तसा ठेवला पण डाव्या बाजूचा तिसरा पाय वाकडा वाळला तो वाकडाच. खाणं बंद आणि दार बंद म्हणजे हात लावू नका, एवढं लक्षात ठेवा, आठवडा जाऊ दे नाहीतर दहा दिवस.

कात टाकायच्या आधी त्याचे पाल्प फुगलेले होते, बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारखे, पण आत काही रचना दिसत नव्हती. मी त्याला मादी धरून बसलो होतो. कात टाकल्यावर तेच पाल्प गडद आणि टोकाला बारीक कारागिरी असलेले, म्हणजे तो होऊ घातलेला नर होता आणि आता पूर्ण नर झाला. नुसते फुगलेले गुळगुळीत पाल्प दिसले तर तो अजून एक कात लांब आहे असं समजायचं, त्यावरून जात ओळखायला जाऊ नका.

२१ मे

वळीव रोज. लंगड्याला माळावर त्याच दगडापाशी सोडला, वाकड्या पायासकट बरा चालला. पहिली उडी अर्धवट पडली, दुसरी नीट.

१ जून, रविवार

ह्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच लागला, माळ चिखल. काम बंद.

जुलै, तारीख नाही

जांबोटीकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दोन वेळा मधल्या उघडिपीत गेलो, माळावर गवत गुडघ्याला, दगड उचलून बघितले तर एका दगडाखाली रेशमाची पिशवी आणि आत दोन अगदी लहान, रेघा जेमतेम. दगड परत ठेवला, आता शहाणा झालोय.

लेन्समध्ये बुरशी. कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवली होती, उघडली तर काचेच्या आत झाडाच्या मुळांसारखी जाळी. बेळगावला नेऊन साफ करायला १२०० रुपये. आता पत्र्याच्या पेटीत झिरोचा बल्ब लावून ठेवतो, वाइंडिंग वाळवायला जी ट्रिक वापरतो तीच. हे जूनमध्ये सुचायला काय हरकत होती.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपती झाले, उन्हं पडली, माळावर गेलो आणि माझी जागाच नाही. वरचा चपटा दगड, करवंदीची जाळी, मधला उघडा पट्टा, तिथं खड्डा. घरी विचारलं तर अप्पा म्हणाले, "अंगणात पाणी साचतंय म्हणून दोन ट्रॉली मुरूम काढला, सांगितलं की तुला." सांगितलं असेलही, त्या वेळी मी स्टेटरमध्ये तोंड घालून बसलो असेन. अप्पांना काय बोलणार, माळ त्यांचाच आणि अंगणात पाणी साचत होतं हेही खरं.

उरलेल्या भागात गवत. दोनरेघीला उघडी जमीन लागते, गवताच्या दाटीत एकही दिसला नाही. दहा बाय दहा फुटांचा तुकडा विळ्यानं साफ केला. खुरपलं नाही, मुळं तशीच ठेवली, दगड जागचे हलवले नाहीत.

२१ सप्टेंबर

साफ केलेल्या तुकड्यात तीन, त्यातली एक मादी, तपकिरी, रेघा नरासारख्या ठसठशीत नाहीत. बाजूच्या गवतात शून्य. असं इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस अर्धा सोन्याचा आणि अर्धा माझ्या निष्काळजीपणाचा.

नऊ वाजता मादी दगडाच्या कडेला उन्हात बसलेली. नर एका वितीवरून आला, थांबला, पाल्प दोन्ही एकदम वरखाली, मग खेकड्यासारखा आडवा सरकला, परत थांबला. मादीनं फक्त तोंड वळवलं. तो जवळ आला की ती एक पाऊल पुढं टाके, की हा लगेच मागं. असं साताठ वेळा. पुढचे पाय वर उचलले तेव्हा पायाखालचे केस उन्हात चमकले ते मी डोळ्यानं बघितलं, पण कॅमेऱ्यात नाही, कारण व्हिडिओ लावून दोन मिनिटांत बॅटरी खल्लास. जुन्या कॅमेऱ्याची जुनी बॅटरी, रात्री चार्जिंगला लावली होती पण लाईट गेली ती कधी आली बघितलंच नाही. मोबाईल काढेपर्यंत मादी दगडाखाली आणि नर एकटाच पाल्प हलवत उभा. मी पण तसाच.

नवीन बॅटरी ७५० रुपये, दोन मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

निवडक अठरा फोटो टाकले, नराचे पुढून, वरून, बाजूनं आणि पाल्पचे जवळून. दोघातिघांनी सांगितलं, स्टेनेलुरिलस नक्की. जात कुठली, तर फोटोवरून सांगणार नाही. मला जरा राग आला, सहा महिने काढले आणि आडनावावर, म्हणजे नुसत्या स्टेनेलुरिलसवर, भागवा म्हणतात. मग कारण कळलं. भारतातल्या ह्यांच्या बऱ्याच जाती अलीकडच्या आहेत, व्याघ्री २०१७ ची, दख्खनच्या पठारावरच्या काही नवीन जातींवरचा पेपर २०२२ चा, त्यात एकीचं नाव श्वेतमुखी. एकमेकांपासून त्या वेगळ्या करायच्या तर नराचा पाल्प आणि मादीच्या पोटाखालची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, म्हणजे कोळी मारून अल्कोहोलमध्ये घालायचा. उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या सहा हजारांवर जाती आहेत, २०२२ च्या एप्रिलमध्ये जगातल्या सगळ्या कोळ्यांची यादी ५० हजारांवर गेली तेव्हा ती पन्नास हजारावी जात पण उड्या मारणारीच निघाली, दक्षिण अमेरिकेतली. एवढ्या गर्दीत अंदाजानं नाव ठोकणं म्हणजे जळालेल्या मोटरीला न उघडता बेअरिंग गेलंय सांगण्यासारखं आहे.

एकानं सुचवलं की एक नर पाठव. विचार केला, नाही पाठवला. उन्हात एक मारलाय, एकाचा पाय वाकडा केलाय, माझा कोटा संपला. अभ्यास करणाऱ्यानं शेतात यावं, चहा मी देतो. आणि हे सगळं स्वतःच्या शेतात आहे म्हणून, आमच्या तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नसते, नाद कितीही असो.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली, हिशोब केला. चुकीची रिंग ३००, बरोबर रिंग ३५०, बुरशी १२००, बॅटरी ७५०, एकूण २६००, पेट्रोल धरलेलं नाही कारण शेतात जायचंच असतं असं मी घरी सांगितलंय. २३०० च्या आसपास फोटो, ठेवलेले ४१. साफ केलेला तुकडा दर पंधरा दिवसांनी विळ्यानं छाटायला लागतो, अर्ध्या तासाचं काम. ज्यांच्याकडं कॅमेरा नाही त्यांनी मोबाईलवर जुन्या सीडी प्लेयरमधली बारीक भिंगं लावून बघा, मी करून बघितलं, नरमादी कळण्याएवढं येतं, पण उजेडाचा बोगदा त्यालाही लागतोच.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी धाकटी ओरडत आली, "पप्पा, दोनरेघी अंगणात!" म्हटलं भिंतीवरचा प्लेक्झिपस खाली उतरला असेल. जाऊन बघितलं तर तुळशीच्या कट्ट्याशेजारी, अप्पांनी टाकलेल्या मुरमावर. रेघा मोजल्या, दोन, मध्ये काळं. ट्रॉलीतून दगडाखालच्या पिशवीसकट आला असणार, दुसरं कसं येईल चौदा किलोमीटर.

गोणपाट टाकून पालथा पडलो, ॲपर्चर ११, मिलिनेक्स नीट केला, बॅटरी फुल होती. नऊ फोटो मिळाले. मग तेवढ्या कोपऱ्याला चार विटा लावून घेतल्या, इथं पाणी मारायचं नाही म्हणून सांगितलं. बायको शेणाची बादली घेऊन उभी. "मग सडा कुठं घालायचा, तुमच्या डोक्यावर?"